आधी घरचा खर्च सांगा

धनावडे सुभेदार आमच्या ब्रँचला क्रेडिट कार्डं विकायला आले तेव्हा त्यांच्याकडे स्वतःचं एकही कार्ड नव्हतं. अडीच वर्षांनी गेले तेव्हाही नव्हतं. मधल्या काळात त्यांनी किती जणांच्या खिशात कार्डं घातली आणि किती जणांच्या खिशातून ती परत काढली, ते मला आता सांगता येणार नाही. तेव्हा सांगता आलं असतं. कार्ड विभाग मीच बघत होते.

विभाग म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, मागे विमानाचं चित्र असलेला एक उभा फलक आणि सोमवारी सकाळी नऊला पुण्याहून येणारा फोन. त्या फोनवर प्रत्येक ब्रँचने आपला आकडा सांगायचा. आकडा चांगला असला तर 'अजून होऊ शकतं' आणि वाईट असला तर 'असं कसं चालेल', एवढी दोनच उत्तरं पलीकडून यायची. साताऱ्यात मी त्या फोनला चार वर्षं उत्तरं दिली. शेवटी शेवटी रविवारी दुपारपासूनच माझं डोकं दुखायला लागायचं.

सुभेदारांना एजन्सीमार्फत घ्यायची कल्पना आमचे मॅनेजर देसाई यांची. साताऱ्याच्या आसपास घरटी एक फौजी. सगळ्यांची पेन्शन महिन्याच्या महिन्याला जमा होणारी. त्यांच्यासमोर टाय लावलेला पोरगा उभा करण्यापेक्षा त्यांच्यातलाच माणूस उभा केला तर निम्मं काम तिथेच होतं, असं देसाईसाहेबांचं म्हणणं. ते खरंही होतं.

सुभेदार मूळचे मेढ्याच्या वरच्या अंगाच्या एका गावचे. राहायला साताऱ्यात, गोडोलीला. उंच, अंगाने वाळके, पांढरा लांब बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं उन्हाळ्यातही लावलेली. चेहऱ्यावर मात्र कायम असा थकवा, की हा माणूस आत्ताच कुठून तरी लांबून चालत आलाय असं वाटावं. खुर्चीत बसले तरी पाठ टेकवायचे नाहीत. यंत्रातला चहा त्यांनी एकदाच घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, ह्याच्यापरीस सियाचीनचा बरा हुता. तितं निदान बर्फ तरी खरा हुता." मी हसले. ते नाही हसले. ते विनोद करत नसायचे, आपल्याला वाटलं ते सांगायचे.

पहिलं वर्ष त्यांनी मुकाट काम केलं. त्या वर्षी बँकेने एक करड्या रंगाचं कार्ड काढलं होतं. विमानतळावरच्या आरामखोलीत फुकट जेवण, मोठ्या हॉटेलांत सूट, परदेशात खर्च केला तर दुप्पट पॉइंट. पहिलं वर्ष मोफत, पुढच्या वर्षापासून घसघशीत वार्षिक फी. त्या कार्डावर एजन्सीला सगळ्यात जास्त कमिशन होतं, म्हणून सगळ्यांनी तेच विकायचं असं ठरलेलं. सुभेदारांना वरून जे सांगितलं ते त्यांनी खाली पोचवलं. अठ्ठावीस वर्षं तेच केलं होतं. कुणाच्या पडवीत, कुणाच्या लग्नाच्या मांडवात, माजी सैनिकांच्या मेळाव्यात ते उभे राहायचे आणि पत्रकातल्या ओळी आज्ञापत्र वाचावं तशा म्हणून दाखवायचे. माणसं सह्या करायची. कशावर करतोय हे फारसं कुणी विचारायचं नाही. सुभेदारसाहेब आणि वाईट काही आणतील?

वर्षअखेरीला आमचं नाव वरून तिसरं आलं. देसाईसाहेबांनी कंदी पेढे मागवले आणि सुभेदारांना चाकांची बॅग बक्षीस दिली. त्यांनी ती वॉचमनच्या मुलीला दिली. तिला नर्सिंगच्या होस्टेलला जायचं होतं.

मग दुसरं वर्ष लागलं आणि एक दिवस बबन साळुंखे आले.

साळुंखे हवालदार होते, कोरेगावकडचे, सुभेदारांच्याच कंपनीतले. दुपारची वेळ, ब्रँच रिकामी. ते दारात चप्पल काढायला लागले, वॉचमन नको म्हणाला, तरी त्यांनी काढलीच. टेबलाशी येऊन पिशवीतून एक पाकीट काढलं आणि सुभेदारांच्या पुढे ठेवलं. आत करडं कार्ड होतं. पोस्टाने आलेल्या कागदाला अजून तसंच चिकटलेलं. सोलूनसुद्धा काढलं नव्हतं.

"सायेब, ह्ये तुमचं परत घ्या."

"का रं बबन? काय झालं?"

"काय न्हाई. आमच्या उपयोगाचं न्हाई. फी आली हुती ती भरली. मग फी उशिरा भरली म्हून आनिक फी आली. ती बी भरली. आता पोरगं म्हनतंय, दर वर्साला येनार. म्हून म्हनलं, तुमास्नीच इचारावं."

सुभेदारांनी पाकीट हातात घेतलं. "वापरलंस कुठं?"

"कुठं वापरू? इमानतळावर जेवायला मिळतंय म्हनला हुता तुमी. आपन इमानात बसलो ते एकदाच, लेहला, फौजेच्या. तितं जेवान कुनी दिलं हुतं?"

"आनि इतके दिस बोलला न्हाईस?"

साळुंख्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मी दिसले म्हणून आवाज खाली घेतला. "आवं, तुमी दिलं हुतं. चार लोकांत तुमची इज्जत जाईल म्हून गप बसलो."

ते बसले नाहीत, चहा घेतला नाही. पायात चप्पल सरकवून निघून गेले. सुभेदारांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. चारच्या सुमाराला मला म्हणाले, "ताई, असं किती जनांना दिलं असंल म्या?" मॅडमची ताई मी त्याच दिवशी झाले.

मी म्हणाले, "राहू द्या सुभेदार. त्यांनी वाचून सही केलीय." ही गोष्ट लिहिताना पुन्हा लाज वाटते. त्यांनी वाचलं नव्हतं हे मला माहीत होतं. ते वाचता येणार नाही इतकं बारीक छापलेलं असतं हेही माहीत होतं. प्रत्येक अर्जावर 'ग्राहकाला अटी समजावून सांगितल्या' या ओळीखाली सही माझी होती.

साळुंख्यांची फी परत मिळवायला सुभेदारांनी ग्राहकसेवेच्या नंबरावर सात वेळा फोन केला. पलीकडे गाणं लावून ठेवायचे. ते गाणं संपेपर्यंत सुभेदार फोन कानाला लावून उभे राहायचे. मी म्हणायचे, बसा की. ते हाताने 'असू द्या' करायचे. सातव्या फोनला निम्मी फी परत मिळाली. उरलेली त्यांनी स्वतःच्या खिशातून दिली, असं मला नंतर साळुंख्यांच्या मुलाकडून कळलं. सुभेदार स्वतः कधी बोलले नाहीत.

त्यानंतरचे सुभेदार वेगळे. बँकेच्या समोर झेरॉक्सचं दुकान होतं. तिथे जाऊन त्यांनी आमच्या सगळ्या कार्डांच्या अटींचे कागद मोठ्या कागदावर मोठे करून घेतले. एका पानाची चार पानं झाली. ती चष्मा लावून, ओळीखाली पट्टी धरून वाचायला लागले. इंग्रजी अडलं की मला विचारायचे. "ताई, ह्ये 'वगळून' म्हंजी काय काय वगळून?" मी सांगायचे: पेट्रोलवर पॉइंट नाहीत, लाइटबिलावर नाहीत, घरभाड्यावर नाहीत, विम्याच्या हप्त्यावर नाहीत. "मग ऱ्हायलं काय?" मी म्हणायचे, "कपडे, हॉटेल, विमान." ते पट्टी खाली सरकवायचे. इतके दिवस त्या टेबलाला बसून मीही त्या अटी पहिल्यांदाच सलग वाचत होते.

आणि मग त्यांचं ते वाक्य सुरू झालं. कुणीही समोर बसला आणि 'चांगलं कार्ड कुठलं' म्हणाला की सुभेदार पत्रकांचा गठ्ठा बाजूला सारायचे. "आधी घरचा खर्च सांगा. कार्डाचं मागनं बघू." किराणा कुठून, पेट्रोल किती आणि कुठल्या पंपावर, औषधं, मुलांचं शिक्षण, प्रवास कशाने, सामान दुकानातून घेता की फोनवरून मागवता, आणि शेवटचा प्रश्न, आवाज जरा खाली घेऊन, "म्हैन्याचं बिल म्हैन्याला समदं फेडता येतंय का? खरं सांगायचं." या प्रश्नाला जो अडखळला त्याला ते कार्ड द्यायचेच नाहीत. "पॉइंट पैशात मिळत्यात, आनि व्याज रुपायात जातंय. ऱ्हाऊ द्या. दोन वर्सांनी या."

पुरुष माणसाला घरचा खर्च सांगता येत नाही, हे त्यांच्या पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं. म्हणून पुढे ते नवऱ्याला म्हणायचे, "उद्या बाईंना घेऊन या." बायका यायच्या, खुर्चीच्या कडेवर बसायच्या. एक निवृत्त लान्स नाईक ठासून सांगत होता, आमच्याकडे औषधपाणी काही नाही. त्याची बायको म्हणाली, "तुमची बीपीची गोळी काय मग परड्यात लागतीया?"

असं विचारत बसल्यावर एक अर्ज भरायला तास जायचा. देसाईसाहेब काचेतून बघायचे.

एकदा मात्र ते तोंडघशी पडले. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात खरेदी बघणारी अश्विनी नावाची मुलगी आली. मुलगी म्हणजे तिशीची असेल. तिला करडं कार्डच हवं होतं. सुभेदार म्हणाले, "ते नगं बाळ. ते दिसायला बरं हाय. मालकांना घेऊन या एकदा, मग बोलू."

तिने पर्स टेबलावर ठेवली. "काका, पगार माझा आहे. खर्च मी करते. मालक कशाला हवेत?"

"तसं न्हवं—"

"मी महिन्यातून चार वेळा चेन्नईला आणि दिल्लीला जाते. विमानाने. पुण्याच्या विमानतळावर पहाटे तीन-तीन तास बसून असते. तिकीट आधी मी काढते, कंपनी नंतर देते. आता सांगा, मला कुठलं कार्ड देता?"

सुभेदारांनी तिच्याकडे पाहिलं. मग उठून उभे राहिले. "चुकलं माजं," म्हणाले, आणि करड्या कार्डाचा अर्ज काढून स्वतःच्या हाताने भरायला घेतला. ती गेल्यावर मला म्हणाले, "बघा ताई, कार्ड वंगाळ नव्हतं. बूट पायाला बघून घ्यायचा असतोय. आमी समद्या पलटनीला एकाच नंबराचा वाटला." त्या दिवसापासून 'बाईंना घेऊन या' बंद झालं. 'घरात जे कोन खर्च करतंय त्यास्नी घेऊन या' असं म्हणायला लागले.

पहिल्या वर्षी ज्यांना करडी कार्डं दिली होती त्यांची यादी त्यांनी माझ्याकडून काढून घेतली. यादी बाहेर द्यायला नको होती. मी दिली. रविवारी ते एसटीने एकेका गावाला जायचे. कुणी घरी नसला तर पुन्हा पुढच्या रविवारी. एका खेपेला कार्ड बदलायच्या अर्जावर माझ्यासमोर सही हवी होती, म्हणून मीही मेढ्याला गेले. संपत गोळे म्हणून त्यांच्या हाताखालचा एक नाईक. घर मेढ्यात, टॅक्सी महाबळेश्वरला चालवायचा.

जाताना एसटीत सुभेदार खिडकीशी बसले होते आणि बोटं मोडल्यासारखं काहीतरी करत होते. मला वाटलं जप चाललाय. ते पेट्रोलपंप मोजत होते.

संपतने सतरंजी टाकली. सुनंदाताई, त्याची बायको, आत चहा ठेवत होती.

"संपत, मागच्या म्हैन्यात सगळ्यात जास्त पैसा कुठं गेला?"

"घरात."

"घरात म्हंजी कुठं?"

"आता घरात म्हंजी..." संपतने डोकं खाजवलं. "घरात."

आतून आवाज आला, "घरात कशानं? निम्मा गाडी पिती. घरात येतोय त्यो उरलेला."

सुभेदारांच्या चेहऱ्यावरचा शीण क्षणभर उतरला. "बाहेर या वयनी. तुमच्याशीच काम हाय."

ती पदराला हात पुसत आली. मग दोघांचं बोलणं झालं आणि संपत ऐकत बसला. पेट्रोलवर सूट देणारं एक कार्ड आमच्याकडे होतं, पण ती सूट एकाच कंपनीच्या पंपावर.

"ह्या वाटंला त्या कंपनीचा एकच पंप हाय," सुभेदार म्हणाले. "म्या येताना बघितला. संपत, तितं भरतोस का?"

"परतीच्या बाजूला हाय त्यो. कवा कवा भरतो."

"रोज तितंच भरायचं असंल तर घे. पर पॉइंटापायी गाडी वाकड्या वाटंला घालू नगंस. जे जळंल ते बँक देत न्हाई."

सुनंदाताईने विचारलं, "आनि आत्ता हाय त्या कार्डावर पॉइंट जमल्यात म्हनं. त्याचं काय मिळंल?"

मी फोनवर बघितलं. त्यात एक पाण्याची बाटली येत होती, आणि ती मागवायला वेगळी फी होती. मी ते सांगितलं. सुनंदाताई आधी माझ्याकडे आणि मग सुभेदारांकडे बघत राहिली. "घरात तीन हायत्या बाटल्या," म्हणाली आणि चहा आणायला गेली.

परतीच्या एसटीत सुभेदार म्हणाले, "लय दमायला हुतंय ताई. द्यायला दोन मिंटं लागली हुती. परत घ्यायला अख्खा ऐतवार जातोय." मी डोळे मिटून घेतले. मला त्यांच्याइतकं दमायचा हक्क नव्हता असं वाटलं, तरी दमले होतेच.

बंद झालेलं कार्ड ब्रँचच्या आकड्यातून वजा व्हायचं. देसाईसाहेबांनी त्यांना आत बोलावलं. दार उघडंच होतं. "धनावडे, तुम्हाला कार्डं विकायला ठेवलंय की बंद करायला?"

"साहेब, ज्याला बसतंय त्याला मी विकतोय."

"मागच्या महिन्यात अकरा विकलीत आणि चौदा बंद केलीत."

"व्हय साहेब."

देसाईसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनाही सोमवारचा फोन होता. त्यांनी कपाळ चोळलं आणि म्हणाले, "मला सांभाळून घ्या हो." सुभेदार 'जी साहेब' म्हणाले आणि पुढच्या रविवारी रहिमतपूरला गेले.

मग वरून नवा फतवा आला. कार्ड विभागातल्या प्रत्येकाकडे बँकेचं कार्ड हवंच. त्यात एजन्सीची माणसंसुद्धा आली. महिनाअखेरीला सुभेदारांचं एकट्याचं राहिलं होतं. मी अर्ज पुढे ओढला आणि गमतीने म्हणाले, "हं, आधी घरचा खर्च सांगा."

त्यांनी सुरुवात केली. "किराणा..." आणि थांबले. पेन्शन सगळी बायकोच्या हातात. अठ्ठावीस वर्षं घर तिने चालवलेलं, नंतरही तेच सुरू राहिलेलं. "मला कुठं ठावं," म्हणाले. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं असावं. "उद्या तिला घिऊन येतो."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कमलवहिनी आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, दम लागलेल्या. ब्रँचच्या चार पायऱ्या चढून आल्यावर भिंतीला हात लावून थोडा वेळ थांबल्या. समोरच्या खुर्चीत बसल्या, मांडीवर पिशवी. सुभेदार आपल्या जागी बसले आणि त्यांनी नेहमीचे प्रश्न नेहमीच्या आवाजात सुरू केले. वहिनींना हसू आलं. "आवं, घरात इचारायचं सोडून हितं कशाला आनलंय?" पण उत्तरं देऊ लागल्या. किराणा कोपऱ्यावरच्या दुकानात. भाजी मंडईत. दूध दारात.

"प्रवास?"

"मला कुठला परवास. सांगलीला जाते तेवढाच." सांगलीला त्यांची मुलगी शकू दिलेली होती.

"म्हैन्यातनं किती येळा?"

"दोनदा. कवा तीनदा."

"शकूकडं तीनदा?" सुभेदारांचं पेन थांबलं. "मला वाटलं सणासुदीला जातीस."

वहिनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळायला लागल्या.

"औषधं?" त्यांनी विचारलं. तो पुढचा प्रश्न होता, रोजच्या सवयीने आला.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "बस बाई." मग त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "मिरजंला दवाखान्यात जातीया. काळजाची झडप आकसलीया म्हनत्यात. गोळ्या हायत. शकू येती संगं."

"कवापासनं?"

"तुमी ही नोकरी धरली त्याच्या आधीपासनं."

ब्रँचमध्ये नोटा मोजायचं यंत्र चालू होतं, ते थांबलं.

"फौजीच्या दवाखान्यात फुकट हुतंय समदं. तितं का न्हाई गेलीस?"

"तितं तुमचं फौजेचं कारड लागतंय. तुमास्नी कळलं असतं."

"आनि मला सांगितलं का न्हाईस, कमल?"

"तुमी दमून येता," त्या म्हणाल्या. "ऐतवारी सुदिक घरात नसता. कवा सांगू?"

सुभेदारांनी पेनाला टोपण लावलं. अर्ज तसाच अर्धा भरलेला. त्यांनी तो घडी घालून माझ्याकडे सरकवला, उठले, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले आणि वहिनींच्या मांडीवरची पिशवी उचलून घेतली. "चल," म्हणाले. पायऱ्यांवर त्या थांबल्या तेव्हा तेही थांबले. मी काचेतून बघत होते. एकेका पायरीला किती वेळ लागला ते दिसत होतं.

त्याच आठवड्यात त्यांनी नोकरी सोडली. त्यांचं नाव पुढच्या महिन्यापासून कमी केल्याचं एजन्सीचं पत्रही त्याच आठवड्यात आलं. आधी काय झालं ते देसाईसाहेबांनी सांगितलं नाही आणि सुभेदारांनी विचारलं नाही. गोडोलीची खोली भाड्याने देऊन दोघं सांगलीला मुलीजवळ राहायला गेली. जायच्या दिवशी त्यांनी ते मोठे करून घेतलेले अटींचे कागद फाइल करून माझ्या टेबलावर ठेवले. बदललेल्या प्रत्येक अटीपुढे पेन्सिलने खूण होती. यादीतली सहा नावं राहिली होती. "तेवढं बघा ताई," म्हणाले.

सहापैकी दोघांकडे मी गेले. मग मार्च आला आणि पुढचं राहून गेलं. माझी बदली झाली तेव्हा ती फाइल ड्रॉवरमध्येच राहिली.

बदली सांगलीलाच झाली. टेबल तसंच, फलकावर विमानाऐवजी बाजारहाट करणारं हसरं कुटुंब, सोमवारचा फोन तोच. सुभेदार याच गावात आहेत हे मला माहीत होतं. पत्ता शोधणं अवघड नव्हतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत वर्ष गेलं. खरं सांगायचं तर त्या सहा नावांचं काय झालं, असं ते विचारतील याची मला भीती होती.

मग एका संध्याकाळी विश्रामबागेतल्या एका मोठ्या किराणा दुकानात ते दिसले. मी साबण घ्यायला गेले होते. ते बिलाच्या रांगेत पुढे, माझ्याकडे पाठ. शर्ट पांढराच, पण बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. कमलवहिनी दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसल्या होत्या. वाळल्या होत्या, पण चेहऱ्यावर रंग होता. ऑपरेशन झालं असावं. पदराच्या वरच्या बाजूला, गळ्याखाली, व्रणाचं टोक दिसत होतं.

सुभेदारांच्या हातात वहीचा कागद होता. तो लांब धरून ते मागे वळून म्हणाले, "कमल, डाळ तुरीची का हरभऱ्याची?"

"तुरीची. लिवलंय की."

"तुजं अक्षर आरशात बघून वाचावं लागतंय."

"मग आरसा घ्या इकत," त्या म्हणाल्या, आणि गल्ल्यावरची मुलगी हसली.

तिने बिल केलं आणि पाठ केलेल्या आवाजात म्हणाली, "आजोबा, आमचं पॉइंटचं कार्ड काढायचं का? फ्री आहे. फक्त मोबाइल नंबर सांगा. दर खरेदीला पॉइंट मिळतात."

मी साबण हातात धरून उभी राहिले. मला वाटलं आता ते अटी विचारतील. पॉइंट कधी संपतात, कशावर मिळत नाहीत, फी कधीपासून. त्यांनी त्या मुलीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि दिवसभरात हे वाक्य कितव्यांदा म्हणत होती कोण जाणे.

"बाळ, त्या तितं बसल्यात न्हवं," ते म्हणाले, "घर त्या चालवत्यात. त्यास्नी इचार."

मुलगी गल्ल्यावरून वाकून मोठ्याने विचारायला लागली. वहिनींनी एक हात हलवून नको म्हटलं.

हाक मारायला मी तोंड उघडलं होतं. खांद्याला बँकेची पिशवी होती, तीत दुसऱ्या दिवशी वाटायची पत्रकं. मी हाक मारली नाही. ते पिशवी घेऊन दाराशी गेले, वहिनींना उठवायला हात पुढे केला. त्यांनी हात धरला नाही. उठल्या आणि पिशवीचा एक बंद आपल्याकडे घेतला. एक बंद त्यांच्या हातात, एक यांच्या. पिशवी मध्ये झुलत होती. रस्त्यावर दिवे लागायला लागले होते. सांगलीची माणसं सायकली, स्कूटर घेऊन दोन्ही बाजूंनी चालली होती आणि ही दोघं गर्दीतून हळूहळू, एकाच चालीने, कडेकडेने जात राहिली.